दाढीवालीचं तिसरं भाकीत

समरनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थिएटरच्या मागच्या दाराबाहेर, जानेवारीच्या भुरभुर पावसात, स्वतःभोवती गिरक्या घेत होते. आणि मला दाढी होती.

दाढीचं आधी सांगून टाकते, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. मी शिवांगी राजूरकर, मूळची अकोल्याची. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला डॉक्टरेट करते. इन्स्टिट्यूटमध्ये कंपोझिट प्लास्टिकच्या पट्ट्या मशीनला लावायच्या, तुटेपर्यंत ओढायच्या आणि त्या का तुटल्या याचा विचार करत बसायचं, हे माझं दिवसभराचं काम. संध्याकाळी मात्र मी गाते. इथल्या थिएटरला मोठा ऑपेरा बसवायचा असला की पगारी गायक पुरत नाहीत, मग गावातल्या हौशी लोकांचा आवाज ऐकून त्यांना कोरसमध्ये घेतात. त्या हिवाळ्यात त्यांना चेटकिणी कमी पडत होत्या. ऑपेरा इटालियन, पण एका जुन्या, गाजलेल्या शोकांतिकेवरून केलेला. एका शूर सरदाराला रानात चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील म्हणून सांगतात. घरी गेल्यावर बायको त्याला फूस लावते, आणि दोघं मिळून मुक्कामाला आलेल्या म्हाताऱ्या राजाचा झोपेत काटा काढतात. पुढे व्हायचं ते होतंच. तर या चेटकिणींना दाढ्या असतात. माझी करडी होती आणि छातीपर्यंत येत होती.

ऑपेराचं नाव मी सांगणार नाही. आमची दिग्दर्शिका इंग्लंडची होती, आणि तिकडच्या नाटकवाल्यांची अशी पक्की समजूत आहे की हे नाव थिएटरच्या आत घेतलं तर काहीतरी अशुभ घडतं. कुणी घेतलंच, तर त्यानं बाहेर जायचं, तीन गिरक्या घ्यायच्या, दार ठोठावायचं आणि आतून कुणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय आत यायचं नाही. मला यात नवल वाटलं नाही. माझ्या आजीनं उभ्या जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही, आणि तिला कधी काही अडलं नाही. पण मी पडले बडबडी. दाढी लावून बघितली, तशीच जिना उतरत होते, तेवढ्यात कोरसमधल्या एका बाईनं विचारलं की भारतात हा ऑपेरा माहीत आहे का. ऑपेरा नाही, पण नाटक आम्हाला कॉलेजात होतं, असं म्हणत मी नाव घेऊन मोकळी झाले. जिन्यात सगळे जागीच थबकले. दिग्दर्शिकेनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

पहिली गिरकी मी रागारागात घेतली. दुसरीच्या वेळी फाटकातून एक उंच मुलगा छत्री घेऊन येताना दिसला. मी थांबले नाही, कारण मध्येच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील अशी मला भीती वाटली. तिसरी संपली तेव्हा तो छत्री कलती धरून, स्वतः खुशाल भिजत, माझ्याकडे बघत उभा होता.

"काही मदत हवी आहे का?" त्यानं जर्मनमध्ये विचारलं.

"आतून दार उघडून 'हेराइन' म्हणणारा माणूस हवा आहे," मी म्हटलं. हेराइन म्हणजे जर्मनमधलं 'आत ये'. आणि सगळी हकिगत सांगितली.

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसतो आणि उजवा मागाहून येतो... हे मला पुढे फार दिवस पुरलं. तो म्हणाला की आजपासून तो इथला कोरेपेटिटोर. म्हणजे तालमीत अख्ख्या ऑर्केस्ट्राचं काम एकटा करणारा पियानोवाला. वादकांना रोज रोज बोलावणं कुठल्याच थिएटरला परवडत नाही. मग म्हणाला, चेटकीण आहेस तर माझं भविष्य सांग.

भविष्य काय, फुकट असलं की मी कुणालाही सांगते. मी डोळे वटारले, ओल्या दाढीतून पाणी झटकलं. पहिलं भाकीत, आज कँटीनमधलं सूप संपलेलं असणार. दुसरं, एक दिवस तू पियानोवरून उठशील, हातात ती काठी घेशील आणि सगळा ऑर्केस्ट्रा तुझ्यापुढे असेल.

त्याचं हसू जरासं विझलं. काय चुकलं ते मला कळेना, आणि तिसरं तर सांगायलाच हवं होतं, भाकितं तीनच असतात. म्हणून मी ते मराठीत पुटपुटले. इथे कोणाला कळतंय?

"आणि एका दाढीवालीच्या प्रेमात पडशील, मेल्या."

"काय?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

तो आत गेला. दार लागलं, मी ठोठावलं, त्यानं उघडलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं 'हेराइन' म्हणाला. कँटीनमधलं सूप खरोखरच संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालमीत आमच्या संचालकांनी, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या हेर लिंडेमान (हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत) यांनी, त्याची सगळ्यांशी ओळख करून दिली. हे आमचे नवे सहकारी, समर दातार.

दातार! हे तर मराठी आडनाव. मधल्या सुट्टीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मराठी येतं का. वडील मराठी आणि आई जर्मन असल्याचं त्यानं सांगितलं. घर नेकारसुल्मला, वडील तिथल्या गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. मराठी... आल्झो, म्हणजे, थोडंसं. स्वयंपाकघरापुरतं. मी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो थोडा लवकरच सोडला. त्याच आठवड्यात मी कँटीनमध्ये बसून पुण्याच्या माझ्या मैत्रिणीला, मीनलला, फोनवर मोठ्यानं सांगत होते, की नवीन पियानोवाल्याचे हात काय सुरेख आहेत गं, पण स्वेटर असा की एखाद्या म्हशीच्या अंगावरून काढून आणलाय. दुसऱ्या दिवशी समर नव्या निळ्या स्वेटरमध्ये आला. पियानोजवळून जाताना माझ्याकडे न बघता त्यानं बाही नीट केली.

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. लहानपणापासून घरात ऐकलेलं, फक्त बोलायची सवय नाही. विचारलं मराठीत तर उत्तर जर्मनमध्ये, अशी इथे वाढलेली मुलं असतात. मग ते तिसरं भाकीतही...? मी विचारलं नाही आणि तो बोलला नाही. आमच्यात ते तसंच राहिलं, आणि दिवसेंदिवस मोठं होत गेलं.

आमचं जमलं ते बसस्टॉपवर. तालीम संपली की तो माझ्या बसपर्यंत यायचा, त्याची बस उलट्या बाजूची असली तरी. मी मराठीत बोलायचे, तो जर्मनमध्ये, आणि बाकावर बसलेली माणसं आम्ही भांडतोय असं समजून दुसरीकडे बघायची. एकदा त्यानं विचारलं की गाताना माझी बोटं झग्याखाली काय करत असतात. मी त्याला दाखवलं. तिसऱ्या अंकात चेटकिणी कढईभोवती फिरतात तिथली चाल सहा मात्रांची आहे, आणि मला ती सरळ दादरा वाटते. अकोल्याच्या गाण्याच्या क्लासात बाई हातावरच ताल द्यायला लावायच्या, ते हात आता ऐकत नाहीत. त्यानं माझा तळवा स्वतःच्या तळव्यावर ठेवून घेतला आणि म्हणाला, पुन्हा दाखव. धा धिं ना, धा तिं ना... टाळी, मग हात उलटा, म्हणजे 'खाली'. त्याला ते पहिल्यांदाच जमलं होतं. तरी त्यानं पाच-सहा वेळा शिकून घेतलं आणि माझी एक बस गेली.

त्याच बाकावर त्यानं मला दुसऱ्या भाकिताचं सांगितलं, तेव्हा त्याचं हसू का विझलं होतं ते. तो शिकला होता ते ऑर्केस्ट्रा चालवायलाच. शेवटच्या परीक्षेच्या कार्यक्रमात अर्ध्या वाटेत वादक फाटले, निम्मे पुढे, निम्मे मागे, आणि त्यानं हात खाली घेतला. भरल्या सभागृहात सगळं थांबलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पण त्यानंतर काठीला हात लावला नाही. पियानो बरा, त्यात चुकलं तर स्वतःचंच चुकतं.

मला हे अजिबात पटलं नाही. मी जात्याच दुसऱ्याला ढकलणारी बाई आहे. तू हेर लिंडेमानना सांग, एखादी तालीम मला चालवू द्या म्हणून. ते या हंगामानंतर निवृत्त होतायत, विचारायला काय जातं? रोज मी हेच. एकदा तो थांबला आणि म्हणाला, "शिवांगी, तुला चुकीचं काम दिलंय. तू चेटकीण नाहीस. तू ती सरदाराची बायको आहेस."

"मग तू कोण?" मी विचारलं, आणि विचारल्यावर माझे कान तापले.

त्याचा फक्त डावा गाल हसला.

आता होळी. रंगीत तालीम शुक्रवारी झाली, पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता, आणि मधला शनिवार सगळ्यांना सुट्टीचा. त्याच दिवशी होळी आली. हेर लिंडेमान एकदा समरला म्हणाले होते की भारतीय जेवण त्यांनी हॉटेलातच खाल्लंय, कुणाच्या घरी कधी नाही. मी म्हटलं, बोलाव त्यांना. पुरणपोळी करते. आणि खरं सांगू, माझ्या मनात हेही होतं की जेवण अंगावर आलं की माणूस सैल होतो, आणि तेव्हा समरचा विषय काढता येतो.

पुरणयंत्र घेऊन समरचे वडील नेकारसुल्महून आले. दीनानाथकाका म्हणजे गोल चेहरा, जाड चष्मा, आणि बोलताना मराठीत 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, अगदी बरोबर', घालायची सवय. आल्या आल्या त्यांनी बाह्या सरसावल्या आणि डाळ वाटायला बसले. आमच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात जायफळाचा वास सुटला तशी वरच्या मजल्यावरची मुलं दारातून डोकावून गेली. कटाची आमटी, भजी, कुरडया, वरणभात, आणि वऱ्हाडात करतात तशी, पुरणानं टम्म फुगलेली, तुपात भिजलेली पोळी.

हेर लिंडेमान कोट घालून, माझ्यासाठी ट्यूलिप घेऊन आले. सडसडीत म्हातारे गृहस्थ, रात्री पाव आणि चीज खाऊन झोपणारे. त्यांनी पहिली पोळी खाल्ली, डोळे मिटले आणि पान स्वच्छ केलं. दीनानाथकाकांनी ते स्वच्छ पान पाहिलं. झालं! पाहुण्याचं पान रिकामं म्हणजे यजमानाची नाचक्की, हे आमच्या रक्तातच असतं. त्यांनी दुसरी वाढली, मी वरून तूप सोडलं. आणि हेर लिंडेमान वाढले अशा घरात जिथे पानात काही उरलं की आई म्हणायची, उद्या पाऊस पडेल हं. वाढलेलं संपवायचं, ही त्यांची सभ्यता. ते संपवत होते, आम्ही वाढत होतो. मी वाढलं म्हणून ते खात होते, आणि ते खातायत म्हणून मी वाढत होते. अर्ध्याहून जास्त आयुष्य जर्मनीत काढलेल्या काकांना हे कळायला हवं होतं, पण पुरणपोळीपुढे काकांची जर्मनी केव्हाच मागे पडली होती. "अहो, एवढीशी तर आहे, घ्या," हे ते चक्क मराठीत म्हणत होते. समर मध्ये एकदा काही बोलू लागला, तर दोन्ही बाजूंनी त्यालाच वाढण्यात आलं.

शेवटी हेर लिंडेमान टेबलाला धरून उठले, माझा हात हातात घेऊन फार सुंदर जेवण झालं म्हणाले आणि टॅक्सीनं गेले. समरचा विषय राहूनच गेला.

रविवारी सकाळी समरचा फोन आला. हेर लिंडेमान रात्रीच दवाखान्यात भरती झाले होते. पित्ताशयाचा त्रास. जिवाला धोका नव्हता, पण दोन दिवस त्यांना हलू देणार नव्हते. दुसरा संचालक परगावी प्रयोगाला गेलेला, बाहेरून कोणी यायचं तर तो उद्या येणार. थिएटरच्या प्रमुखांनी समरला बारा वाजेपर्यंत वेळ दिला होता. उभा राहतोस का? नाहीतर प्रयोग रद्द.

"मी नाही म्हणणार आहे," समर म्हणाला.

मी फोन ठेवला आणि हात धुवायला गेले. पुरणपोळीच्या कणकेतली हळद नखांत आणि बोटांच्या पेरांवर बसली होती. मी साबण लावला, घासलं, पुन्हा साबण लावला. ती जाईना. आमच्या ऑपेरात ती बायको झोपेत चालते आणि रक्ताचा डाग जात नाही म्हणून हात चोळत बसते, रोज तालमीत ते बघून मला जांभया यायच्या. आता मला रडू आलं. घरी आलेला पाहुणा, म्हातारा माणूस, आणि मी त्याला तूप वाढत होते कारण मला समरला त्याच्या जागी बघायचं होतं. असं अगदी नव्हतं... पण अगदीच नव्हतं असंही नव्हतं.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. माझे पिवळे हात मी खिशात ठेवले. हेर लिंडेमान उशीला टेकून बसले होते, चेहरा फिकट, केस मात्र नीट विंचरलेले. समरनं सगळं एका दमात सांगून टाकलं. तुम्हाला आमच्या घरी जेवायला बोलावलं, तुम्हाला आजारी पाडलं, आणि आता तुमच्या जागेवर मी उभा राहू? ही गोष्ट कशी संपते ते आपल्याला माहीत आहे.

म्हातारबुवांनी त्याला बोलू दिलं. मग खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, महिनाभरात पहिल्यांदा.

"मी पान स्वच्छ केलं होतं," ते म्हणाले. "त्याचं हे फळ." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, की डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वीच तूप-लोणी बंद करायला सांगितलं होतं. पहिली पोळी त्यांनी यजमानांच्या मानासाठी खाल्ली. दुसरी सभ्यता म्हणून. त्यापुढच्या सगळ्या मात्र स्वतःच्या जिभेसाठी, आणि त्याचा त्यांना बिलकुल पश्चात्ताप नाही.

माझे हात खिशातून आपोआप बाहेर आले.

"आपल्या ऑपेरातला राजा कसा मरतो, समर?" त्यांनी विचारलं. "एक सूरही न गाता. त्याला बिचाऱ्याला काही गायलाच दिलेलं नाही. मला मात्र बोलायचं आहे. तुझ्या त्या परीक्षेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. बासरी आधी शिरली. बाकीचे कोणीही असते तर रेटून नेलं असतं, कारण त्यांना ऐकूच आलं नसतं. तुला ऐकू आलं, म्हणून तू थांबलास. मला तसा कान असलेला माणूस हवा होता, म्हणून मी तुला इथे आणलं. न थांबता दुरुस्त करणं तेवढं शिकायचं राहिलंय, आणि ते पियानोवर बसून येत नाही." त्यांनी उशीखालून कपाटाची किल्ली काढली. "राजाला मारून घेतलेली गादी वेगळी. ही मी माझ्या हातानं देतोय. काठी वरच्या खणात आहे."

समरनं किल्ली घेतली. कॉरिडॉरमध्ये आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याला ढकललं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला ढकललं नाही. नुसती शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच फोन लावला आणि प्रमुखांना सांगितलं, मी उभा राहतो.

दुपारी तीनला अंधार झाला, थिएटरातला. दाढीमागून मला तो दिसला, उधार घेतलेल्या काळ्या कोटात, चेहऱ्यावर खालून पिवळा उजेड. त्यानं हात उचलला, आणि पहिल्या सुरालाच मला कळलं की हा पियानोवर इतके दिवस नुसता वाट बघत बसला होता. पहिला अंक उत्तम गेला. दुसरा त्याहून चांगला. मध्यंतरात कुणीच त्याचं कौतुक केलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

आणि तिसऱ्या अंकात, कढईच्या प्रवेशात, ते झालं. धूर जास्त सुटला. डाव्या बाजूच्या चेटकिणींना ऑर्केस्ट्रा ऐकू येईना आणि त्या घाबरून पळू लागल्या, पायानं नव्हे, गळ्यानं. आम्ही उजवीकडच्या मागे राहिलो. गाणं मधोमध फाटलं. मी समरकडे पाहिलं. त्याचा डावा हात हवेत थांबला होता, आणि मला त्याच्या डोळ्यांत ते जुनं सभागृह दिसलं. आता हात खाली येणार, असं वाटलं.

चेटकिणींनी झग्याबाहेर हात काढायचे नव्हते, दिग्दर्शिकेनं निक्षून सांगितलं होतं. मी दोन्ही हात बाहेर काढले. कढईवर धरले, अगदी त्याच्या समोर, आणि ताल दिला. धा धिं ना, धा तिं ना. टाळी... खाली. माझ्या पिवळ्या बोटांवर उजेड पडला होता. समरनं पाहिलं. एक टाळी तो नुसता बघत राहिला, मग त्याचा हात हलला. त्यानं काठी डावीकडे रोखली आणि माझ्या खालीच्या मात्रेवर, बरोबर तिथेच, डावीकडच्या बायकांना जणू मनगटाला धरून परत आणलं. त्यांचा सूर आमच्या सुराला येऊन मिळाला. सगळं मिळून दहा-बारा मात्रांचा खेळ, प्रेक्षकांत कुणाला पत्ताही लागला नाही. पण ऑर्केस्ट्रातल्या म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. त्यानंतर मी गायले ती आनंदानं, इतकी की माझी दाढी एका बाजूनं सुटली.

शेवटी पडदा पडला आणि पुन्हा उघडला, तेव्हा लोक पाय आपटत होते. इथे फार आवडलं की असं आपटतात, जमीन दणाणते. राणीचं काम करणारी गायिका कडेला गेली आणि समरला हाताला धरून रंगमंचावर घेऊन आली. आवाज दुप्पट झाला. चौथ्या रांगेत दीनानाथकाका खुर्चीसमोर उभे राहून डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते आणि चष्म्याखालून डोळे पुसत होते, दोन्ही एकाच वेळी जमत नव्हतं तरी. समर वाकला, उठला, पुन्हा वाकला. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता. दुसरं भाकीत खरं झालं होतं, आणि कोणाचाही काटा न काढता.

पडदा कायमचा पडला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, कुणी कुणाची दाढी उपटली. दिग्दर्शिका समरला मिठी मारायला निघाली, आणि तेवढ्यात रंगमंचाच्या मधोमध उभं राहून समरनं ऑपेराचं नाव घेतलं. स्पष्ट, खणखणीत, मुद्दाम.

सगळे गार. दिग्दर्शिकेनं हळूच हात उचलून दाराकडे बोट दाखवलं. समरनं मान लववली आणि अतिशय खुशीत चालू लागला. माझ्यापाशी आल्यावर थांबला आणि जर्मनमध्ये म्हणाला, आतून दार उघडणारा माणूस हवा आहे.

मी त्याच्या मागे गेले, दाढी लोंबत असलेली. तो बाहेर पडला. दार लागायच्या आधी मला दिसलं, अजून उजेड होता आणि अंगण कोरडं होतं. काचेतून मी त्याच्या गिरक्या पाहिल्या. कोटाचे शेपटे उडत होते. तिसरी झाल्यावर तो जरा झोकांडला, मग दारापाशी आला आणि ठोठावलं.

"आत येऊ का?" त्यानं मराठीत विचारलं.

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं अख्खं मराठी वाक्य. त्यातला 'ऊ' थोडा लांबला. माझा हात कडीवरच राहिला.

"आधी सांग," मी म्हटलं. "त्या दिवशीचं तिसरं भाकीत ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"आणि इतके दिवस गप्प बसलास?"

"तुला उत्तर... मराठीत द्यायचं होतं." तो शब्द एकेक करून आणत होता. "मी बाबांकडून शिकलो. रोज फोनवर. ते फार हसले."

मला डोळ्यांपुढे दीनानाथकाका दिसले, डाळ वाटताना माझ्याकडे बघून उगाच हसणारे. म्हणजे त्यांना माहीत होतं. पुरणयंत्र घेऊन ते काही उगाच आले नव्हते.

"मग?" मी विचारलं. माझा आवाज कुठल्याच सुरात नव्हता. "खरं झालं का ते? कधी झालं?"

दारापलीकडे तो वाक्य जुळवत असावा.

"मी फाटकातून आलो. तू दुसरी गिरकी घेत होतीस," तो म्हणाला. "तेव्हा झालं."

"म्हणजे मी सांगायच्या आधीच?"

"हो," समर म्हणाला. "तू उशीर केलास."

"ये," मी म्हटलं, आणि दार उघडलं. दाढी काढायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.